एल फारो : छापखान्याविना उभे राहिलेले वृत्तपत्र

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशात १९८० ते १९९२ या काळात झालेल्या यादवी युद्धात सुमारे ७५,००० माणसे मारली गेली. जानेवारी १९९२मधील शांतता कराराने बंदुका थंडावल्या, तरी प्रमुख दैनिके पूर्वीप्रमाणेच मोजक्या धनिक घराण्यांच्या मालकीची आणि त्यांच्याच मताची राहिली. अशा स्थितीत पत्रकार कार्लोस दादा आणि उद्योजक होर्खे सिमान यांनी १९९८मध्ये राजधानी सान साल्वादोर येथे 'एल फारो', म्हणजे 'दीपस्तंभ', हे वृत्तपत्र सुरू केले. ते केवळ इंटरनेटवर निघाले यामागे तंत्रज्ञानाची दूरदृष्टी शोधण्याचा मोह अभ्यासकाला होतो. वस्तुतः छपाईचा खर्च संस्थापकांना परवडणारा नव्हता, आणि लॅटिन अमेरिकेतील पहिले निव्वळ डिजिटल वृत्तपत्र हा त्याचा लौकिक या अडचणीतूनच जन्मला.

या अडचणीचा एक लाभ असा झाला की पानांची मर्यादा उरली नाही. बातमीची काटेकोर शहानिशा आणि कथेची मांडणी यांचा मेळ घालणारा 'क्रोनिका' हा लॅटिन अमेरिकी गद्यप्रकार येथे चांगलाच बहरला. आर्चबिशप ओस्कार रोमेरो यांची २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असताना हत्या झाली होती. तीस वर्षांनी, २०१०मध्ये, त्या कटात सहभागी असलेला माजी कॅप्टन आल्वारो साराविया याला गाठून दादा यांनी त्याच्याच तोंडून त्या कटाची हकिगत मिळवली. ओस्कार मार्तिनेस यांचे मेक्सिकोमार्गे अमेरिकेकडे निघालेल्या स्थलांतरितांवरील वृत्तान्तही याच परंपरेतले.

तथापि 'एल फारो'ची खरी पत ठरली ती टोळ्यांच्या प्रश्नावर. लॉस एंजेलिसमधील निर्वासितांच्या वस्त्यांत वाढलेल्या आणि अमेरिकेने हद्दपार केलेल्या तरुणांबरोबर मायदेशी पोहोचलेल्या 'मारा साल्वात्रुचा' व 'बार्रिओ १८' या टोळ्यांशी सरकार पडद्याआड वाटाघाटी करीत असल्याचे या पत्राने मार्च २०१२मध्ये उघड केले, तेव्हा सत्तेवर माजी गनिमी लढवय्यांचा डावा पक्ष होता. सप्टेंबर २०२०मध्ये तशाच स्वरूपाचे वृत्त दिले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते नायिब बुकेले. सत्ताधारी बदलले, प्रश्न तोच राहिला, आणि निष्पक्षपातीपणाचा याहून चांगला पुरावा कोणत्याही पत्राला क्वचितच देता येईल. २०१६मध्ये कोलंबियातील गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या नावाच्या पत्रकारिता प्रतिष्ठानाने या पत्राचा उत्कृष्टतेबद्दल गौरव केला.

त्याची किंमतही मोजावी लागली. २०२०च्या त्या वृत्तानंतर थोड्याच दिवसांत बुकेले यांनी दूरचित्रवाणीवरील भाषणात पत्रावर काळा पैसा पांढरा केल्याच्या संशयावरून चौकशी चालू असल्याचे सांगितले. पुढे जानेवारी २०२२मध्ये टोरंटो विद्यापीठातील 'सिटिझन लॅब' आणि 'अ‍ॅक्सेस नाऊ' या संस्थांनी केलेल्या तपासणीत पत्राच्या २२ सहकाऱ्यांच्या फोनमध्ये 'पेगासस'चा शिरकाव झाल्याचे आढळले. फोनधारकाच्या नकळत त्याचे संदेश, संभाषणे व छायाचित्रे टिपणारी ही इस्रायली प्रणाली भारतीय वाचकाला २०२१च्या वादामुळे परिचित आहे. हे फोन फोडल्याची जबाबदारी साल्वादोर सरकारने नाकारली.

एप्रिल २०२३मध्ये 'एल फारो'ने आपली कायदेशीर व प्रशासकीय नोंदणी कोस्टारिकात हलवली. मे २०२५मध्ये 'बार्रिओ १८'च्या माजी म्होरक्यांच्या मुलाखती प्रसिद्ध झाल्यावर अटकेच्या शक्यतेने त्याच्या अनेक पत्रकारांना देश सोडावा लागला. वृत्तपत्र मात्र निघतच राहिले.