ज्याची त्याची कळ

किबोर्डवरची 'ए' ही कळ दाबली की पडद्यावर ए उमटतो, यात सांगण्यासारखे काही नाही असे कुणालाही वाटेल. ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरच्या लेखी मात्र तेवढेही गृहीत नाही. त्याच्या दृष्टीने 'ए' ही एक कळ आहे, तिला 'दाबलेले अक्षर लिही' ही आज्ञा जोडलेली आहे, आणि ती जोडणी हवी तेव्हा बदलता येते. कंट्रोल-एच दाबून मग 'के' आणि त्यानंतर कोणतीही कळ दाबली, की ती कळ कोणती आज्ञा चालवते हे समोर लिहून येते. सोबत दुवाही असतो, थेट त्या आज्ञेच्या सोर्स कोडपर्यंत नेणारा. गाडीचे बॉनेट कायम उघडे ठेवून ती विकावी, तसा हा प्रकार. पन्नास वर्षे तो टिकला आहे, आणि टिकण्याचे कारणही त्या उघड्या बॉनेटमध्येच आहे.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत. तिथे पीडीपी-10 यंत्रांवर टेको नावाचा एडिटर चाले. टेकोत प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा. आपले नाव टंकायचे आणि आपल्या मजकुराचे काय वाटोळे होते ते बघायचे, हा तिथला आवडता खेळ होता. पुढे त्यात टंकता टंकता मजकूर पडद्यावर दिसण्याची सोय आली. मग रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने आणखी एक वाट मोकळी केली: कोणतीही कळ दाबली की आपण लिहिलेला टेकोचा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे मॅक्रो, चालवता येऊ लागला.

वाट मिळताच जो तो आपापले मॅक्रो लिहू लागला. थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेत अनेक संच झाले, प्रत्येकाच्या कळा वेगळ्या. शेजाऱ्याच्या टर्मिनलवर बसून त्याला मदत करायची म्हटले तरी बोटे अडखळत. 1976 मध्ये गाय स्टील याने हे सगळे संच समोर ठेवून, लोकांना विचारत विचारत, एकच सुसंगत मांडणी करायला घेतली. कंट्रोलच्या जोडीने पुढे जाण्यासाठी 'फॉरवर्ड'चा एफ, मागे येण्यासाठी 'बॅकवर्ड'चा बी, पुढच्या ओळीसाठी एन, मागच्या ओळीसाठी पी. प्रत्यक्ष बांधणीचे काम लवकरच स्टॉलमनकडे गेले आणि वर्ष संपेपर्यंत ईमॅक्स चालू झाला होता. त्या मांडणीचा प्रभाव किती दूर गेला आहे याची अनेकांना कल्पना नसते. आज मॅकवर कुठल्याही साध्या चौकटीत मजकूर लिहिताना कंट्रोल-ए दाबा, कर्सर ओळीच्या आरंभी जातो. कंट्रोल-ई दाबा, शेवटी. लिनक्सच्या कमांड लाइनवरही तेच. ईमॅक्सचे नाव न ऐकलेली माणसे रोज ईमॅक्सच्या कळा दाबत असतात.

ईमॅक्स घेणाऱ्यांना स्टॉलमनने एक अट घातली होती. केलेल्या सुधारणा त्याच्याकडे परत पाठवायच्या, म्हणजे त्या मूळ एडिटरमध्ये घालून सगळ्यांना देता येतील. मला ही अट त्या साऱ्या तंत्रापेक्षा महत्त्वाची वाटते. 'मला अमुक सोय हवी' अशी सूचना करणारा आणि ती सोय बनवणारा असे दोन वेगळे गट इथे पडलेच नाहीत. सूचना बहुधा चालू स्थितीतच येई: ही माझी कळ, हा तिच्यामागचा कोड, पटत असेल तर ठेवून घ्या.

हे केवळ प्रोग्रामरांना जमते असेही नाही. 1978 मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्गने मल्टिक्स या यंत्रणेसाठी लिस्प भाषेत ईमॅक्स लिहिला. तिथल्या कार्यालयातल्या सेक्रेटरी त्याच्या पुस्तिकेवरून आपापल्या सोयीच्या आज्ञा रचू लागल्या. पुस्तिकेत 'प्रोग्रॅमिंग' असा उल्लेख कुठेच नव्हता, त्यामुळे हे आपल्याला जमणारे काम नाही असे त्यांना वाटलेच नाही, असा किस्सा स्टॉलमनने पुढे सांगितला आहे. संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकून ठेवावा.

आज चालतो तो ग्नू ईमॅक्स 1985 मध्ये बाहेर पडला. त्याचा गाभा सी भाषेत आहे आणि वरचा बराचसा डोलारा ईमॅक्स लिस्पमध्ये. वापरणाऱ्याची स्वतःची सेटिंग फाइलही त्याच लिस्पमध्ये असते. मूळ एडिटर आणि तुमची दुरुस्ती एकाच भाषेत बोलतात, म्हणून दोन ओळींची सेटिंग वाढत वाढत कधी स्वतंत्र पॅकेज होते ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

कळांचे वाटप मात्र मोकाट नाही. एकाच कळेचे अर्थ अनेक स्तरांवर ठरू शकतात: सगळीकडे लागू असलेला एक नकाशा, त्यावर फाइलच्या प्रकाराचा, त्याहीवर चालू असलेल्या जास्तीच्या सोयींचा. ईमॅक्स वरून खाली शोधत येतो आणि जो अर्थ आधी सापडेल तो घेतो. शिवाय एक जुना दंडक आहे. कंट्रोल-सी आणि त्यानंतर एखादे साधे अक्षर, एवढी जागा वापरणाऱ्याची. तिथे पॅकेज लिहिणाऱ्यांनी हात घालायचा नाही. एफ-5 ते एफ-9 या कळाही तशाच राखीव. नवख्याने पहिली कळ जोडायची ती इथेच, म्हणजे पुढच्या आवृत्तीत कुणी ती बळकावणार नाही.

आता गाऱ्हाणे. ईमॅक्सच्या कळा ज्या किबोर्डांशी जुळलेल्या होत्या, त्यातल्या 'स्पेस-कॅडेट' नावाच्या प्रसिद्ध किबोर्डवर कंट्रोल स्पेस बारच्या अगदी शेजारी होता, अंगठ्याच्या टप्प्यात. पुढे पीसीच्या किबोर्डवर तो खालच्या कोपऱ्यात गेला आणि सगळा भार करंगळीवर आला. करंगळीच्या या दुखण्याला वापरणारे ईमॅक्सचेच नाव देतात. उपाय जुनाच आहे: ऑपरेटिंग सिस्टीममध्ये जाऊन कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाकायचे. काहींनी तर 'ईव्हिल' नावाच्या पॅकेजमधून विम या प्रतिस्पर्धी एडिटरच्या कळाच अख्ख्या उचलून ईमॅक्समध्ये बसवल्या. शत्रूचा किल्ला घेण्यापेक्षा त्याच्या नकाशावरून तसाच आपल्या घरात बांधायचा! पण ईमॅक्सला त्यात काही वावगे दिसत नाही.

बाहेरची पॅकेजे मूळ ईमॅक्समध्ये येतात तो रस्ता लांबचा. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने 2003 मध्ये आपल्या टिपणांसाठी ऑर्ग-मोड सुरू केला. 2007 च्या 22 व्या आवृत्तीत तो आत आला, आणि आज अनेकजण ईमॅक्स घेतात तेच ऑर्गसाठी. कळा आणि सेटिंग नीटनेटक्या मांडून ठेवणारे यूज-पॅकेज वर्षानुवर्षे बाहेर नांदून 2023 मध्ये 29 व्या आवृत्तीत शिरले. अर्धवट दाबलेल्या कळेपुढे आता काय काय दाबता येईल ते दाखवणारे विच-की 2025 मध्ये 30 व्या आवृत्तीत आले. नव्याला जी मदत पहिल्या दिवशी हवी असते, ती हाती यायला इतकी वर्षे लागली. त्यात भर म्हणजे साधारण 15 ओळींहून मोठा बदल असेल तर त्याचे हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या नावे करणारे कागदही करावे लागतात.

मूळ सेटिंग बदलण्याबाबत तर हा एडिटर हट्टीच आहे. निवडलेला मजकूर रंगात दिसावा, ही सोय आपोआप चालू झाली ती 2009 मध्ये. निवडलेल्या मजकुरावर टंकले तर तो पुसला जाऊन नवा यावा, ही बाकी जगाची सवय इथे अजूनही स्वतः चालू करावी लागते. जुन्या माणसांच्या बोटांची सवय मोडू नये हा त्यामागचा विचार मला समजतो, तरी नव्या माणसाची पहिली दहा मिनिटे त्यात वाया जातात हेही खरेच.

या दीर्घ वाटेवर मराठीसाठी एक गोष्ट घडली आहे. देवनागरी लिहिण्यासाठी ईमॅक्समध्ये इनस्क्रिप्टपासून आयट्रान्सपर्यंत अनेक पद्धती आधीपासून आहेत. कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबली की निवडलेली पद्धत चालू-बंद होते. 29 व्या आवृत्तीत त्यात मोडी आली. पेशवे दफ्तराची लिपी या एडिटरमध्ये थेट टंकता येते, त्या लिपीचा फॉन्ट यंत्रावर असला म्हणजे झाले. ही पद्धतही शेवटी एक लिस्प फाइलच: कोणत्या कळेवर कोणते अक्षर, याचा तक्ता. मोडी वाचणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला त्यातली एखादी खूण चुकीच्या जागी वाटली तर तो तक्ता उघडावा, आपल्यापुरता बदलावा, आठवडाभर वापरून पाहावा. बदल पटला तर तो पाठवण्याची आज्ञा ईमॅक्समध्येच आहे आणि तिलाही हवी ती कळ जोडता येते.