ड्रेनेज लाइन: खोदायची की आतून दुरुस्त करायची?

जमिनीखालच्या मलवाहिन्या कशा जुन्या होतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. तो सांगितला की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या सोसायटीची लाइन सारखी तुंबते. न खोदता दुरुस्ती होते म्हणतात, ते खरं का?" खरं आहे. पण ते सगळ्याच दुखण्यांवरचं औषध नाही. कशावर चालतं आणि कशावर नाही, ते आज बघू.

आधी दुखणं कुठे आहे ते ओळखा

एकाच बेसिनचं पाणी हळू जात असेल, तर अडथळा बहुधा घरातल्याच पाइपात असतो. पण वरच्या मजल्यावर वॉशिंग मशिनचं पाणी सुटलं की तळमजल्याच्या नहाणीतून पाणी वर येतंय, फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज येतोय, तर संशय मुख्य लाइनवर घ्या. भर एप्रिलमध्ये लाइनच्या वरचीच माती ओली असणं किंवा पेव्हर ब्लॉक एका ओळीत खचणं, या गळतीच्या खुणा.

मग चेंबरची झाकणं ओळीनं उघडून बघा. एक चेंबर भरलेलं आणि पुढचं कोरडं असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधे. सगळीच भरलेली असतील, तर अडथळा पुढे आहे, कदाचित रस्त्यावरच्या लाइनमध्ये. तेव्हा आधी महापालिकेकडे तक्रार करा.

हे बघताना चेंबरमध्ये डोकं घालू नका, आणि कुणाला आत उतरवू तर मुळीच नका. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच कळेनासा होतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि ही बंदी महापालिकेइतकीच सोसायटीलाही लागू आहे. "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणून उतरलेली माणसं परत आलेली नाहीत.

पाइप बिघडतात कसे?

जुन्या सोसायट्यांमध्ये बहुतेक वेळा स्टोनवेअरचे, म्हणजे झिलई दिलेले भाजक्या मातीचे पाइप असतात. हा पाइप स्वतः फार टिकाऊ, ॲसिडलाही दाद देत नाही. पण एक तुकडा साधारण ६० सेंमी लांब असतो. म्हणजे ३० मीटरच्या लाइनमध्ये जवळपास ५० सांधे! सांधे भरलेले असतात सिमेंटनं, आणि ते झिजतं. फटीतून ओल बाहेर येते, त्या ओलीच्या मागावर झाडाची मुळं आत शिरतात, मुळांच्या जाळ्यात कचरा अडकतो आणि लाइन तुंबते. मुळं सहसा धडधाकट पाइप फोडत नाहीत, ती आयती फट शोधतात.

काँक्रीटच्या पाइपाची गोष्ट वेगळी. तळाच्या गाळातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि पाइपाच्या छतावरचे दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात. त्यामुळे हा पाइप वरून कुजत येतो. खालून पाणी नीट वाहत असतं, म्हणून पत्ताच लागत नाही.

न खोदता करायचे दोन मुख्य उपाय

पहिला, अस्तर लावणं. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वुड यांनी ही पद्धत प्रत्यक्षात आणली. रेझिनमध्ये भिजवलेली नळीसारखी कापडी पिशवी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबानं, मोजा उलटा करावा तशी, पाइपात सरकवतात. मग गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशानं ती कडक करतात. जुन्या पाइपाच्या आत बिनसांध्याचा नवा पाइप तयार!

"मग पाइप अरुंद नाही का होणार?" होतो. १५० मिमीच्या पाइपाला ४.५ मिमी जाडीचं अस्तर दिलं, तर आतला व्यास १४१ मिमी उरतो आणि क्षेत्रफळ जवळपास १२ टक्क्यांनी घटतं. पण अस्तर गुळगुळीत असतं. मॅनिंगच्या सूत्रात खडबडीतपणाचा आकडा ०.०१३ वरून ०.०१० वर आला असं धरलं, तर वहनक्षमता उलट १० टक्क्यांच्या आसपास वाढते.

दुसरा उपाय, जुना पाइप फोडत नवा ओढणं. दोन टोकांना दोन खड्डे घेतात. शंकूच्या आकाराचं डोकं जुन्या पाइपातून ओढलं जातं. ते पाइप फोडून तुकडे मातीत दाबतं आणि मागून एचडीपीईचा नवा पाइप येतो. पाइप पार चेपला असेल किंवा मोठा व्यास हवा असेल, तर हा उपाय. पण शेजारून पाण्याची लाइन किंवा वीजकेबल जात असेल तर धोका आहे. ती माहिती आधी काढायलाच हवी.

कुठे हे चालत नाही?

लाइनला मधेच झोळ पडला असेल, म्हणजे ढाळच बिघडला असेल, तर अस्तराचा उपयोग नाही. अस्तर जुन्या पाइपाचाच आकार घेतं, झोळासकट. घाण तळाशी न बसता वाहून जायला पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग लागतो. झोळात तो मिळत नाही, गाळ बसतो आणि नवीकोरी लाइन पुन्हा तुंबते. फोडून ओढलेला पाइपही बऱ्याच अंशी जुन्याच मार्गानं जातो. इथे त्या तुकड्यापुरतं खोदून ढाळ सुधारणं हाच स्वस्त आणि खरा उपाय.

म्हणून कोटेशनआधी कॅमेऱ्यानं तपासणी करून घ्या, आणि तीही जेटिंगनं लाइन धुतल्यावर. व्हिडिओ स्वतः बघा. थोडं पाणी सोडल्यावर कॅमेरा मधेच पाण्यात बुडाला आणि पुढे वर आला, तर तिथे झोळ आहे. मुळं, भेगा, उघडे सांधे दिसले पण ढाळ ठीक असेल, तर अस्तर चालेल. अस्तरानं बुजलेली घराघरांची तोंडं पुन्हा कापून कोण देणार, हे कागदावर घ्या. ती कापेपर्यंत पाणी सोडायचं नाही, हे सगळ्या मजल्यांना सांगा. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनचा उग्र वास घरात येऊ नये म्हणून त्या दिवशी प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये पाणी भरून ठेवा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

काम झाल्यावर दुसरा व्हिडिओ मागा. शेवटचं बिल तो बघितल्यावरच द्या.