पोर्तुगीजांच्या जवळपास हजार वर्षं आधी कल्याणात बिशप!

आपल्या बेलपाड्यातल्या बऱ्याच जणांचा समज असा, की कोकणात ख्रिस्ती धर्म आला तो पोर्तुगीजांबरोबर. पण पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये. त्याआधीचे पुरावे आपल्या शेजारीच आहेत.

त्या पुराव्यांकडे वळण्याआधी एक मूळ प्रश्न: बायबलबाहेर येशूचा उल्लेख सापडतो का? सापडतो.

▪ जोसेफस (इ.स. ९३च्या सुमारास): हा ज्यू इतिहासकार येशूचा भाऊ याकोब याच्या मृत्यूची हकीकत देतो. येशूवरच्या त्याच्या दुसऱ्या उताऱ्यात मात्र नंतर भर घातली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

▪ प्लिनी (११२च्या सुमारास): ख्रिस्ताला देव मानून पहाटे स्तोत्रं गाणाऱ्यांचं काय करायचं, असं हा रोमन सुभेदार सम्राट ट्राजनला विचारतो.

▪ टॅसिटस (११६च्या सुमारास): सम्राट तिबेरियसच्या काळात रोमन सुभेदार पाँटियस पायलटने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला, असं हा रोमन इतिहासकार लिहितो. तो ख्रिस्ती लोकांचा कट्टर विरोधक, म्हणून ही साक्ष वजनदार.

आता आपल्याकडे या. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस ५५०च्या सुमारास लिहितो, की ‘कॅलियाना’ बंदरात इराणातून नेमलेला बिशप आहे. अनेक अभ्यासकांच्या मते हे बंदर म्हणजे आपलं कल्याण. पुढे १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. तेव्हा तिथे नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, अशी नोंद ओडोरिक या प्रवाशाने केली आहे.

हे पुरावे चमत्कार सिद्ध करत नाहीत. येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि त्याचे अनुयायी फार लवकर दूरवर पोचले, एवढं मात्र ते ठामपणे सांगतात.