हृदयाची गोळी आणि कातडीचा कर्करोग



ऊसबिलाची चौकशी करायला आलेले एक सभासद परवा आमच्या टेबलाशी थांबले. हातात वर्तमानपत्राचं कात्रण : कोलेस्टेरॉलची गोळी कातडीच्या कर्करोगावर चालणार! त्यांच्या तळपायाला वर्षभर काळा डाग आहे. ते त्याला कुरूप समजतात. थोरल्या भावाला हृदयविकारासाठी हीच गोळी चालू आहे. “मग मीही तीच घेऊ का?” असा त्यांचा प्रश्न. आम्ही चौकशी केली, ती येथे देत आहोत.

ही गोळी स्टॅटिन वर्गातली. शोध जपानच्या अकिरा एंडो यांचा, शेतकऱ्याच्या घरचा माणूस. सुमारे ६००० बुरशा तपासल्यावर १९७३ साली क्योटोच्या धान्य दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना हे द्रव्य सापडले. (आपण असले धान्य उकिरड्यावर टाकतो.)

आता कर्करोगाशी संबंध कसा? आपल्या कारखान्याचंच बघा. गव्हाणीत मोळी पडली नाही तर नुसती साखरच थांबत नाही, बगॅस नाही की मळी नाही. शरीरात कोलेस्टेरॉल बनते त्या साखळीच्या सुरुवातीलाच स्टॅटिन अडसर घालते. कोलेस्टेरॉल ही तिथली साखर. पण वाटेत काही लहान स्निग्ध तुकडेही निघतात. रास, ऱ्हो नावाची प्रथिने हे तुकडे शेपटासारखे लावून घेतात, तेव्हाच ती पेशीच्या आवरणाला चिकटून कामाला लागतात. मेलॅनोमा, म्हणजे रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, अंगभर पसरण्यात या प्रथिनांचा हात असतो. शेपूट नाही तर काम नाही. २००३ साली अमेरिकन संशोधकांनी ॲटोर्वास्टॅटिनने उंदरांमध्ये हा फैलाव रोखल्याचे प्रसिद्ध केले.

इथवर बातमी खरी. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. संशयास्पद तीळ असलेल्या काही लोकांना सहा महिने लोव्हास्टॅटिन आणि बाकीच्यांना नुसतीच बिनऔषधी गोळी देऊन पाहिली. २०१४ साली निष्कर्ष आला : तिळांत फरक नाही. मेलॅनोमावरचा उपचार म्हणून या गोळीला आजही मान्यता नाही.

हा रोग गोऱ्या कातडीच्या लोकांत जास्त. आपल्याकडे कमी, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. तिथे ऊन लागतच नाही, म्हणून शंकाही येत नाही. काटा मोडला असेल म्हणायचं, ब्लेडनं कापायचं, बिब्बा लावायचा, यात महिने जातात. डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकसारखा नाही किंवा रक्त येतंय, तर डॉक्टरांना दाखवून तुकडा तपासून घ्यावा. वेळेत कापून काढला तर रोग बरा होऊ शकतो. जांघेत गाठ आल्यावर काम फार अवघड होते.

भावाची गोळी हृदयासाठी आहे, ती त्यांनी बंद करू नये आणि दुसऱ्याने त्यातली घेऊ नये, एवढं आम्ही त्या सभासदांना सांगितलं. सोमवारी ते त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणार आहेत. कात्रण मात्र आमच्याच टेबलावर विसरून गेले.