उन्हाळ्याचे दोन महिने आणि अशोकाची साल

उन्हाळी सुट्टीत बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यांनी गावी जावे, आंबे खावेत आणि उरलेल्या दिवसांत एखाद्या जुन्या वैद्यांच्या दवाखान्यात बसून नाडीवर बोट ठेवायला शिकावे, ही आपल्याकडची रीत. ती वाईट नव्हे. मीही तसाच शिकलो. अलीकडे मात्र काही विद्यार्थी ही सुट्टी प्रयोगशाळेत घालवू लागले आहेत. आधुनिक वैद्यकाच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दोन महिन्यांची विद्यार्थिवृत्ती १९७९ मध्येच सुरू केली होती. आपल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेची ‘स्पार्क’ योजना २०२२ मध्ये आली. निवड झालेल्यास दोन महिन्यांच्या कामासाठी पन्नास हजार रुपये, अशी तिची आखणी.

माझ्या परिचयातील एक विद्यार्थी व एक विद्यार्थिनी मागच्या उन्हाळ्यात अशा कोणत्याही वृत्तीविना, केवळ शिफारसपत्रावर, पुण्यातील एका वनस्पतिशास्त्र विभागात गेली. जाताना दोघांच्याही मनात मोठमोठी यंत्रे होती. प्रत्यक्षात पहिले आठ दिवस काचसामान घासण्यात आणि पिपेटने रंगीत पाणी मोजण्यात गेले. विद्यार्थ्याने अश्वगंधेच्या ऊतिसंवर्धनाचे काम घेतले होते. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या साऱ्या बाटल्यांत बुरशी शिरली. पुढचे दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही, असे समजते. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाटल्या घासायला बसला.

विद्यार्थिनीने द्रव्यपरीक्षणाचा विषय घेतला. तिची वही मी पाहिली आहे. त्यात तीन पाने केवळ एका मुशीच्या वजनाची आहेत. चूर्ण जाळून उरलेल्या राखेचे वजन स्थिर येईपर्यंत पुनःपुन्हा तापवून मोजायचे असते; तिचे वजन दर वेळी वेगळे येई. मूस शोषकपात्रात पुरती थंड न होऊ देताच ती तराजूवर ठेवीत होती आणि गरम मुशीभोवतालची हवा वर चढून वजन कमी दाखवीत होती. मार्गदर्शक बाईंना हे पहिल्या दिवशीच दिसले होते. त्यांनी सांगितले नाही. चुकीचे कारण तिचे तिला सापडावे म्हणून त्या थांबल्या, आणि मला वाटते, त्या दोन महिन्यांतील खरे अध्यापन तेच होते.

मग तिने अशोकाच्या सालीचे पाच नमुने जमवले. एक उद्यानातील खात्रीच्या झाडाचा, तीन बाजारातले आणि पाचवा माझ्या रसशाळेतला. आमच्या अशोकारिष्टाला परिसरात नाव आहे. पोत्यातून साल काढून देताना मला अभिमानच वाटला होता.

सालीचे पातळ काप घेऊन फ्लोरोग्लुसिनॉल व हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की काष्ठमय झालेल्या पेशी गुलाबी-लाल होतात. खऱ्या अशोकात ‘स्टोन सेल’ म्हणतात त्या जाड भिंतीच्या पेशींचे दाट पुंजके दिसले. माझ्या नमुन्यात तंतूंचे पट्टे एकाआड एक, गादीच्या थरांसारखे रचलेले होते. मद्यार्कात विरघळणारा अंश आपल्या फार्माकोपियानुसार किमान १५ टक्के हवा. माझी साल त्याच्या जवळपासही पोहोचत नव्हती. तिला वाटले, आपलेच काही चुकले. बाईंनी सर्व काचपट्ट्यांवरील नावे काढून केवळ क्रमांक घातले आणि त्यांची जागा बदलली. तिने पुन्हा तीच पट्टी वेगळी काढली.

मला हे सांगायला ती आठ दिवस धजावली नाही. शेवटी आली आणि उभ्यानेच म्हणाली, “सर, पाचवा नमुना अशोकाचा नाही. उंच वाढणाऱ्या झाडाचा आहे.”

मी रागावलो. एवढ्या वर्षांचा व्यापारी, कालची पोर! ती गेल्यावर गोदामात जाऊन सालीचा तुकडा चघळला. जिभेला आकसून टाकणारा तो कषाय रस तिथे नव्हता. पोते आल्यावर साल चाखून पाहण्याचे काम मी केव्हाच गड्यावर सोपवले होते आणि गड्याला कषाय म्हणजे काय हे कोणी सांगितलेच नव्हते.

व्यापाऱ्याला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तुम्ही अशोक मागितलात, अशोकच पाठवला.” शब्दशः त्याचे खरे होते. आपल्या शहरांत कुंपणाला लावलेल्या त्या सरळसोट झाडाला सगळे अशोकच म्हणतात. औषधाच्या झाडाला ‘सीता अशोक’ म्हणून वेगळे सांगावे लागते. शिवाय सीता अशोक जंगलात विरळ होत चालला आहे, साल ओरबाडून झाडे मरतात, आणि मागणी तर थांबत नाही.

संधानाला घातलेला घाणा ओतून दिला. विकलेल्या बाटल्या दुकानांतून परत मागवल्या. जेवढ्या आल्या तेवढ्या आल्या. परंतु रक्तप्रदराच्या एका रुग्णेला मी चार महिने हेच अरिष्ट देत होतो आणि उतार पडत नाही म्हणून तिच्या पथ्यालाच दोष देत होतो. तिला बोलावून खरे ते सांगितले. त्या संभाषणाविषयी अधिक लिहीत नाही.

चरकसंहितेत म्हटले आहे, की गुराखी, मेंढपाळ, वनवासी हे औषधींना नामरूपाने ओळखतात, पण तेवढ्याने त्यांचा योग कळत नाही. आपली अवस्था नेमकी उलटी झाली आहे. योग आपल्याला मुखोद्गत. रूप मात्र पोत्यावरच्या चिठ्ठीवरून ओळखायचे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतरच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ या सजातीय वेलीशी गल्लत होण्याची शक्यता मांडली. क्रिस्पाच्या करड्या खोडावर गाठी असतात आणि त्यातून दुधट चीक येतो. गुळवेलीला दोन्ही नाही. त्या वादात हिरिरीने बोलणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी दोन्ही खोडे शेजारी ठेवून पाहिली होती?

औषधनिर्मात्यांसाठी ‘शेड्यूल टी’ २००० साली आले. कच्च्या मालाच्या तपासणीची आमचीही नोंदवही भरलेली आहे, सह्यांसकट. तिने त्या सालीचे पोते अडवले नाही. आता प्रत्येक पोत्यातील मूठभर माल आधी त्या विभागात जातो आणि अहवाल येईपर्यंत पोते शिवलेलेच राहते. रसशाळा चालवणाऱ्या बंधूंनी जवळच्या महाविद्यालयाला असे नमुने दिले, तर मुलांना विषय मिळतील. मात्र काय निघेल याची तयारी ठेवून द्यावेत.

विद्यार्थिनीने अहवालात माझ्या रसशाळेचे नाव घातलेले नाही. केवळ ‘नमुना ५’ असे लिहिले आहे. नाव घाल, असे मी तिला सांगितले. ते बाईंना विचारून ठरवीन, असे म्हणाली. तिचे उत्तर अजून आलेले नाही.