न्यूझीलंडमध्ये भाड्याची गाडी घेताय? 'फुल कव्हर' घ्यायचं की नाही, हे आधी समजून घ्या

ऑकलंड किंवा क्राइस्टचर्चला उतरायचं, विमानतळावरच गाडी भाड्याने घ्यायची आणि स्वतः चालवत देश बघायचा. न्यूझीलंडमध्येही आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक चालते. त्यामुळे भारतीय पर्यटकांना ही कल्पना सोपी वाटते.

अडचण येते ती काउंटरवर. लांबच्या प्रवासाने थकलेल्या माणसाला विचारलं जातं, "बेसिक कव्हर ठेवायचं की रोजचे थोडे पैसे भरून एक्सेस शून्य करायचा?" मागे रांग असते आणि उत्तर दोन मिनिटांत द्यायचं असतं. चुकलं तर फटका लाखाच्या घरात जाऊ शकतो.

एक्सेस म्हणजे काय?

गाडीच्या भाड्यात साधारणपणे बेसिक कव्हर असतंच. पण नुकसान झालं तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा आणि त्यावरचा कंपनीचा. या ठरावीक रकमेला एक्सेस म्हणतात. भारतात गाडीचा क्लेम करताना काही रक्कम आपल्याला भरावी लागते, तसाच हा प्रकार. फक्त इथे आकडा बराच मोठा असतो.

म्हणजे काउंटरवरचा प्रश्न 'विमा हवा की नको' असा नसतो. 'पहिले काही हजार डॉलर कोण भरणार' असा असतो.

चूक समोरच्याची असली तरी?

बहुतेक करारांनुसार एक्सेस आधी तुमच्याकडूनच घेतला जातो. समोरच्याकडून वसुली झाली तर तो परत मिळतो. इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. भारतात मोटार वाहन कायदा, 1988 नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. न्यूझीलंडमध्ये खासगी गाडीसाठी तो सक्तीचा नाही. त्यामुळे धडक देणाऱ्याकडे विमा असेलच, असं नाही.

माणसांना झालेल्या दुखापतीचं काय? त्यासाठी तिथे 1974पासून एसीसी ही सरकारी योजना आहे. चूक कोणाची हे न बघता ती अपघातातल्या दुखापतीच्या उपचारखर्चाला हातभार लावते आणि त्यात पर्यटकही येतात. पण आजारपण, रद्द झालेली सहल किंवा भारतात परतण्याचा खर्च त्यात येत नाही. त्यासाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच.

हिशोब कसा करायचा?

समजा एक्सेस 3,000 न्यूझीलंड डॉलर आहे आणि तो शून्य करायला रोज 30 डॉलर लागतात. 10 दिवसांचे झाले 300 डॉलर. डॉलर 50 रुपये धरला, तर 15 हजार रुपये नक्की खर्च करायचे की दीड लाखाची जोखीम घ्यायची, असा हा सवाल आहे.

यावर तीन पर्याय आहेत:

1. बेसिक कव्हर: गाडीला काही झालं तर दीड लाख भरूनही घरचं बजेट कोलमडणार नसेल, तरच.

2. कंपनीचं फुल कव्हर: महाग, पण कटकट कमी. कार्डावर अडकवून ठेवली जाणारी डिपॉझिटची रक्कमही सहसा कमी होते.

3. वेगळी एक्सेस पॉलिसी: अनेकदा स्वस्त पडते. मात्र पैसे आधी तुम्ही भरायचे आणि नंतर क्लेम करायचा. डिपॉझिट मोठंच राहतं, म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा तेवढी हवी. काही ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये हे कव्हर आधीच असतं. पैसे दोनदा भरण्याआधी पॉलिसी वाचा.

'फुल' म्हणजे सगळं नाही

कराराची अट मोडली की सगळ्यात महागडं कव्हरही रद्द होऊ शकतं. करारावर एकाच चालकाचं नाव आहे आणि तो थकला म्हणून दुसऱ्याने स्टिअरिंग धरलं, तर अपघाताचा पूर्ण खर्च अंगावर येऊ शकतो. दारू पिऊन चालवणं आणि लायसन्स वैध नसणं हेही त्यातच आलं.

रस्त्यांचंही बंधन असतं. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेकडचा नाइन्टी माइल बीच इथे भाड्याची गाडी न्यायला बहुतेक कंपन्यांची मनाई असते. टायर, काचा, गाडीचा खालचा भाग, छत आणि चुकीचं इंधन भरल्यामुळे झालेलं नुकसान कव्हरमध्ये आहे का, हेही वेगळं विचारायला हवं.

निघण्याआधी काय कराल?

बुकिंग करतानाच करारातले तीन मुद्दे शोधा: एक्सेस किती, डिपॉझिट किती आणि कशाला कव्हर नाही. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घाला. गाडी घेताना आणि परत देताना चारही बाजूंचा, छताचा आणि टायरचा व्हिडिओ काढा. आधीचा ओरखडा दिसला तर तो कंपनीच्या कागदावर नोंदवून घ्या.

आणि कव्हरचा निर्णय घरी बसूनच घ्या. म्हणजे काउंटरवर फक्त 'हो' किंवा 'नको' एवढंच सांगायचं उरेल.