बंदराचा धक्का आणि भूकंप

आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही. पण अकोल्या-अमरावतीच्या कापसाच्या गाठी आगगाडीने मुंबईस जात आणि तेथून जहाजाने परदेशी जात. जहाज ज्या भक्कम ओट्याला लागते त्याला धक्का म्हणतात. भूकंपात धक्का मोडला, तर जहाजाने येणारे धान्य व औषधे ऐन गरजेच्या वेळी अडकून पडतात.

धक्का मोडतो कसा? घरी करून पहा. घमेल्यात बारीक रेती सैल भरा. ती पुरती भिजेल इतके पाणी ओता. वर एक वीट उभी करा. वीट नीट उभी राहते. आता घमेल्याच्या कडेवर भराभर थापा मारा. पाणी वर येते, रेतीचा चिखल होतो आणि वीट तिरपी होऊन रुतते.

असे का होते? रेतीचे कण एकमेकांवर टेकून वजन पेलतात. हादऱ्याने ते जवळ सरकू पाहतात. मधल्या पाण्याला पळायला वाट मिळत नाही. मग कणांची पकड सुटते आणि जमीन पातळ होते.

गुजरातेत कांडला बंदर आहे. तेथील कचेरीची उंच इमारत १८ मीटर लांबीच्या ३२ खांबांवर उभी होती. पण त्या खांबांची टोके रेतीच्या थरातच थांबली होती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात ती पडली नाही, पण तिचा माथा सुमारे १ फूट कलला.

जपानात कोबे येथे १७ जानेवारी १९९५ रोजी भूकंप झाला. समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीचे धक्के पाण्याकडे सरकले, काही तर ५ मीटरपर्यंत. पण जेथली भर आधीच दाबून घट्ट केली होती, तेथे जमीन कमी खचली.

यावर उपाय तीन आहेत. रेती ठोकून घट्ट करावी. जमिनीत खडीचे खांब भरावे, म्हणजे पाण्याला वाट मिळते. आणि पायाचे खांब खालच्या कठीण थरात रोवावे.

आपला जाणता गवंडीही काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत पाया खोदतो. तेव्हा आम्ही एवढेच सांगतो : नदीकाठच्या ओल्या, रेताड जागेवर शाळा किंवा गोदाम बांधायचे ठरले, तर आधी इंजिनीयरकडून माती तपासून घ्या. कठीण थर किती खोल आहे, ते ग्रामसभेत विचारा. मगच पहिली कुदळ मारा.